दोन खोक्यांची परीक्षा
कंबर धरली की डॉक्टर पॅरासिटामॉल लिहून देत, हा जगभरचा रिवाज. त्या गोळीने कंबर लवकर सुटते का, हे सिडनीच्या संशोधकांनी ‘पेस’ या चाचणीत तपासले. निकाल २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. कंबर नुकतीच धरलेल्या १,६०० हून अधिक रुग्णांना प्रत्येकी दोन खोकी मिळाली. एकातल्या गोळ्या रोज ठरल्या वेळी घ्यायच्या, दुसऱ्यातल्या दुखेल तेव्हा. कुणाच्या पहिल्या खोक्यात खरे औषध, कुणाच्या दुसऱ्यात, तर कुणाच्या दोन्हींत नुसत्या बिनऔषधी गोळ्या. आणि कोणाला काय मिळाले, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. निम्मे रुग्ण बरे व्हायला औषधाच्या दोन्ही गटांत १७ दिवस लागले, बिनऔषधी गटात १६! मला निकालाइतकीच ही मांडणी मोलाची वाटते. नव्याने धरलेली कंबर बहुतेकदा आपोआप सुटते, आणि श्रेय मात्र शेवटच्या गोळीला, तेलाला किंवा पट्ट्याला जाते. तुलनेला दुसरा गट नसेल तर हा घोळ उकलत नाही. अशीच तुलना करणाऱ्या, सिडनीतल्याच ‘वॉकबॅक’ चाचणीचे निकाल २०२४ चे. दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टने हळूहळू चालणे वाढवायला शिकवले. त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस गेले, इतरांत ११२. चालण्यातून कोणत्याही औषध कंपनीला नफा नाही, त्यामुळे अशा चाचणीचा खर्च सरकारनेच उचलायला हवा. तिथे तो सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने उचलला.