पनवेलकरांनो, येत्या रविवारच्या आत रक्तदाब मोजून घ्या

पनवेल शहरात आणि तालुक्यात राहणाऱ्या, वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे. येत्या रविवारच्या आत आपला रक्तदाब मोजून घ्या. ज्यांना काहीच होत नाही, ज्यांना झोप शांत लागते, जे रोज सकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारतात, त्यांनी तर आधी मोजावा. उच्च रक्तदाब हा आजार दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. वर्षानुवर्षं तो अंगात राहतो आणि आतल्या आत मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या कडक करत जातो. अनेकांना त्याची पहिली खबर मिळते ती अतिदक्षता विभागाच्या दारात, आणि तीही स्वतःला नाही, बाहेर बसलेल्या घरच्यांना.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे वीस वर्षांवरच्या दर तिघांमागे एकाहून जास्त माणसांना. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जगात हा आजार असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो आपल्याला आहे हेच माहीत नाही. हा हिशेब आपल्या इमारतीच्या जिन्यावर मांडून पाहा. कोणत्या मजल्यावर कोण आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही. त्यालाही सांगता येणार नाही.

आपल्या गावाचा दिवस कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे. पहाटे डबा भरायचा, स्टेशन गाठायचं, सीएसएमटीपर्यंत सव्वा ते दीड तास हार्बरच्या गाडीत काढायचा, दिवसभर खुर्चीत बसायचं आणि तितकाच प्रवास करून परत यायचं. मधल्या वेळेला वडापाव, फरसाण, चहा. झोप साडेपाच-सहा तासांची. तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्यांची तर तीही धड नाही. एक आठवडा रात्री जागायचं, दुसऱ्या आठवड्यात दिवसा. कळंबोलीच्या चौकात कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या चालकाची तऱ्हा वेगळी नाही. या धबडग्यात शरीराकडे लक्ष द्यायचं म्हणजे दुखलं तर बघू, असा आपला सगळ्यांचा रिवाज पडून गेला आहे. पाठ दुखली की मलम, डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी. रक्तदाबाच्या बाबतीत हा रिवाज जिवावर बेततो, कारण दुखण्याची वाट पाहत बसलात तर दुखणं येतच नाही, थेट झटका येतो. (सारखी वेदनाशामकं घेतल्यानेही रक्तदाब वाढतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

घरातल्या बाईचं काय? तिला कोणी विचारतच नाही. सगळ्यांची औषधं वेळेवर देणारी तीच, आणि शेवटचं स्वतःचं कधी तपासलं हे आठवत नाही अशीही तीच. गरोदरपणात जिचा रक्तदाब वाढला होता, तिला पुढच्या आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता जास्त असते. बाळंतपण सुखरूप झालं की ती फाईल कपाटात जाते, ती जातेच. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवर अजून मशेरी लावली जाते. मशेरी म्हणजे तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं. तेव्हा मोजायला घरातल्या पुरुषांनी एकटं जाऊ नये. आईला, बायकोला, आत्याला बरोबर घेऊन जावं आणि त्यांचा हात आधी पुढे करावा.

१४० आणि ९० हे दोन आकडे लक्षात ठेवा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब. पण १३८ आला म्हणून सुटलो असं समजू नका. चाळीस ते एकोणसत्तर या वयातल्या लाखो माणसांच्या नोंदींवरून हे सिद्ध झालं आहे की ११५ वर ७५ पासून पुढे वरचा आकडा दर २० ने वाढला, की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो.

मोजण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मा घोळ इथेच होतो. आपण धावत जिना चढून दवाखान्यात शिरतो, बाही वर सरकवतो, कंपाउंडर पट्टा गुंडाळतो, आपण त्याच्याशी बोलत राहतो आणि जो आकडा येतो तो घेऊन घरी येतो. या आकड्याला काही अर्थ नाही. मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, तंबाखू नको. लघवी तुंबलेली नको, तिनेही आकडा चढतो. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर हवा, शर्टाच्या किंवा ब्लाउजच्या बाहीवरून नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला टेकवलेला हवा. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह कागदावर लिहून घ्या. डॉक्टर किंवा परिचारिका घाईत असतील तर ‘जरा पाच मिनिटं बसतो, मग मोजा’ असं सांगायला लाजू नका. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जोडीला छातीत दुखत असेल, दम लागत असेल, नजर धूसर झाली असेल तर तिथूनच १०८ ला फोन करा.

आता आकडा जास्त आला आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, की घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही.’ या एका वाक्याने पनवेलमध्येच किती संसार उघड्यावर पडले असतील, मला सांगवत नाही. ही गोळी किती मोठी गोष्ट आहे ते पाहा. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेला रक्तदाब होता ३०० वर १९०. जगातला सगळ्यात सामर्थ्यवान माणूस, हाताशी उत्तमोत्तम डॉक्टर, पण द्यायला धड औषधच नव्हतं.

चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा आपल्या रुग्णांवर केलेला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली ही मुळी रक्तदाब खाली आणते, हे त्यांनी जगाला पटवून दिलं. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे रक्तदाबावर औषध चालतं हे जगाला दाखवणाऱ्यांत आपल्या शेजारच्या मुंबईचा एक डॉक्टर होता. आणि आपलं पनवेल तर औषधांचंच गाव. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये इथेच धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. अशा गावात औषधाला घाबरून माणसं अंथरुणाला खिळावीत, हे मला सहन होत नाही. सर्पगंधा मात्र कोणी मनाने घेऊ नये. तिने मन खिन्न होऊ शकतं, आणि आज तिच्याहून सौम्य औषधं आहेत. अमलोडिपिन, टेल्मिसार्टन ही नावं तुम्ही ऐकली असतील. जनौषधी केंद्रातून घेतली तर त्यांचा रोजचा खर्च एका कटिंग चहाइतकाही नाही. आकडा खाली आला की ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करू नका. आकडा खाली आला तो गोळीने आला. कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारून करा.

गोळीइतकंच महत्त्व मिठाला आहे. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही मर्यादा. यात भाजी-आमटीतलं मीठ तर आलंच, शिवाय लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं आणि आपल्या आवडीची सुकी मासळीही आली. खारवलेली मासळी करायचीच तर आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाका, आणि रोज नको. ‘आम्ही सैंधव खातो’ हे उत्तर चालणार नाही. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढायची पद्धत घरातून जाऊ द्या.

एवढं करूनही एखाद्या घरावर वेळ येऊ शकते. तेव्हा हे पाठ असू द्या: तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर उचलून धरता येत नाही, बोलताना जीभ अडखळते, यातलं एक जरी अचानक दिसलं तर तो पक्षाघात समजा. घड्याळात किती वाजले ते लगेच लिहून ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून जिथे सीटी स्कॅनची सोय आहे तिथेच जायचं. आधी ओळखीच्या डॉक्टरकडे, मग कोणीतरी सांगितलेल्या गावी ‘लकव्याचं औषध’ आणायला, असं करत माणसं मोलाचे तास घालवतात. महामार्गावरची कोंडी आपल्याला नवी नाही. निघायला उशीर झाला तर रस्ता उरलेला वेळ खाऊन टाकतो. तोंडात पाणी, चहा, साखर, गोळी काहीही घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

मोजायचा कुठे, हा प्रश्न पनवेलमध्ये पडू नये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपलं उपजिल्हा रुग्णालय त्यातच येतं. महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत. नेरे-आपट्याकडच्या गावांत आणि वाड्यांवर आशाताई घरापर्यंत येतात. तीस वर्षांवरच्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी हे सरकारी कार्यक्रमाचंच काम आहे, तेव्हा त्यांच्याकडे ती हक्काने मागा.

खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, खारघर, नवीन पनवेल इथल्या गृहनिर्माण सोसायट्यांना एक मागणं आहे. दंडावर बांधायचं चांगलं यंत्र दोन-अडीच हजारांच्या आत मिळतं. सोसायटीच्या खर्चातून एक घ्या, कार्यालयात ठेवा, शेजारी वही ठेवा. सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या ताई, घरकामाला येणाऱ्या मावशी यांचाही रक्तदाब त्यावर मोजा. त्यांचा बहुधा कोणीच मोजलेला नसतो. गणेशोत्सव मंडळांनी यंदाच्या आरोग्य शिबिरात ज्यांचा आकडा जास्त येईल, त्यांची नावं लिहून ठेवावीत आणि महिन्याभराने त्यांना पुन्हा विचारावं. शिबिरात मोजलं आणि सोडून दिलं, तर त्या शिबिराचा उपयोग फक्त फलकावरच्या फोटोपुरता होतो. औषध दुकानदारांनी गोळ्यांची पट्टी संपूनही गिऱ्हाईक आलं नाही तर फोन करून विचारावं. आणि डॉक्टरांनो, माणूस सर्दीसाठी आला असला तरी त्याच्या दंडाला पट्टा बांधा.

आज संध्याकाळी घरी पोचलात की घरातल्या तीस वर्षांवरच्या माणसांची नावं एका कागदावर लिहा आणि रविवारच्या आत प्रत्येक नावापुढे दोन आकडे येतील असं बघा. एकही नाव रिकामं ठेवू नका.