कॅसेट कपाटात, संगणक भंगारात आणि न्याय?

निर्लेखनाची यादी लागली की कुणी ढुंकून बघत नाही. मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटं, बंद पंखे. पण आपल्या तालुक्यातल्या एका कार्यालयाच्या यादीत यंदा विंडोज एक्सपीचा एक संगणक आहे, आणि तो भंगारात जाता कामा नये असं माझं स्पष्ट मत आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग पुढं वाचा.

त्याच कार्यालयात रस्ता रुंदीकरणाच्या चित्रीकरणाच्या चाळीस कॅसेट पडून आहेत. कुणाचा ओटा कुठपर्यंत होता, कुणाची भिंत किती पाडली, सगळं त्यात आहे. मोबदल्याची भांडणं अजून मिटलेली नाहीत. मी माहिती अधिकारात प्रत मागितली. उत्तर आलं की कॅसेट आहेत, पण चालवायला यंत्र नाही, सबब प्रत देता येत नाही.

साहेब, २००५ चा कायदा उघडा. कलम २ मध्ये टेप आणि व्हिडिओ कॅसेटच्या रूपात माहिती मिळवण्याचा हक्क शब्दशः लिहिलाय. कलम ४ म्हणतं, अभिलेख सूचीसह नीट ठेवा. आणि यंत्र नाही कसं? तुमच्याच यादीत आहे की!

या कॅसेट एचडीव्ही पद्धतीच्या. दिसायला साधी मिनी डीव्ही, पण आत १४४० बाय १०८० चं चित्र. ते जसंच्या तसं उतरवायला कॅमेऱ्यातून फायरवायरची केबल लागते. त्या जुन्या डब्यात फायरवायरचं कार्ड आहे. आजच्या लॅपटॉपला ते तोंडच नसतं. ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायर काढूनच टाकलं.

'बाहेरून करून घेऊ' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. बाजारात दोन पळवाटा आहेत. एक, कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीव्हीचं डीव्ही करून घ्यायचं. एक्सपीतला मूव्ही मेकर डीव्हीच घेतो, एचडीव्ही घेत नाही, म्हणून हा सोपा मार्ग. दोन, पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची यूएसबी पट्टी लावायची. दोन्हीत एचडी जातं, बिल मात्र एचडीचं येतं. आणि मग भिंतीवर लिहिलेला घर क्रमांक वाचता येत नाही. दाव्यात नेमका तोच लागतो!

खरी रीत अवघड नाही. एचडीव्हीचा मूळ प्रवाह एम२टी फाईलमध्ये उतरवणारी छोटी सॉफ्टवेअर एक्सपीवर चालतात. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, जागा साधारण ११ जीबी. डिस्क एनटीएफएस असावी, कारण फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढं फाईल जात नाही. म्हणजे चाळीस तास काम आणि एक टीबीची एक डिस्क. सत्काराच्या शाली-नारळात यापेक्षा जास्त उडतात.

एक्सपी असुरक्षित आहे, हे खरं. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच त्याचा आधार बंद केला. मग नेटची वायर काढा! कॅसेट उतरवायला इंटरनेट लागत नाही.

घाई यासाठी की टेप दमट हवेत खराब होते. एचडीव्हीत बारा-बारा फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात. टेपवर एक बारीक डाग पडला तरी अर्ध्या सेकंदाचं चित्र जाऊ शकतं.

मागणी साधी आहे. संगणक यादीतून काढा. कॅसेटची क्रमवार नोंद करा. मूळ फाईल दोन डिस्कवर ठेवा, नुसती डीव्हीडी नको. आणि उतरवताना बाधित कुटुंबांतला एक माणूस समोर बसवा.

ज्यांची घरं गेली, त्यांनी लिलावाआधी लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. अर्जाचा नमुना मी देतो, फुकट. संगणक जुना झाला म्हणून तुमचा पुरावा जुना होत नाही.