'कारनर'ला हसणाऱ्यांनो

6 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिंपिकची हॉकी सेमीफायनल, भारत विरुद्ध जर्मनी. देवनारच्या म्युनिसिपल कॉलनीत मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जण टीव्हीसमोर बसलो होतो. मॅच सुरू व्हायच्या आधी एक दोस्त म्हणाला, "रोहिदास नाय, तर कारनरला पयला कोन धावनार?"

सगळे हसले. एका वाक्यात 'कारनर', 'कोन' आणि 'धावनार'! "भावा, आधी 'ण' काढ, मग कॉर्नर काढ." हे वाक्य माझं. टाळीही मिळाली.

आता त्याचा प्रश्न बघा. पेनल्टी कॉर्नरला गोलकीपर धरून पाच जण बचाव करतात. बॉल आत आला की त्यातला एक जण थेट फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर धावत जातो. आपल्याकडे हे जिवावरचं काम अमित रोहिदास करायचा. ब्रिटनविरुद्ध रेड कार्ड मिळाल्यामुळे तो सेमीफायनलला नव्हता. म्हणजे त्या खोलीत हॉकीबद्दल विचारलेला सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवरच झाला. आपण 3-2 ने हरलो.

तो गोल मारणारा मूळचा अर्जेंटिनाचा. 2016 मध्ये त्यांच्याकडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकून नंतर जर्मनीकडून खेळायला लागलेला. त्याच्या आडनावावर आमची मोठी चर्चा झाली. गोन्झालो पेलात? पेयात? पेशात? एकाने तर यूट्यूबवर शोधलं. कुणीच कुणाला हसलं नाही. तिथे चुकणं म्हणजे शिकणं होतं. कॉलनीतल्या दोस्ताचं चुकणं म्हणजे कॉमेडी.

"मजा असते रे, मनावर काय घ्यायचं," असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. पण मजा असेल तर ती नेहमी एकाच्याच खिशातून का जाते?

आणि कशाच्या जोरावर हसतो आपण? 'कॉर्नर'मधला 'ऑ' इंग्रजीतून आलेला. महाराष्ट्र सरकारने 'ॲ' आणि 'ऑ' मराठी वर्णमालेत अधिकृतपणे घेतले ते 2009 मध्ये. मी स्वतः इंजिनिअरिंगला जाईपर्यंत 'कालेज' म्हणायचो. पहिल्या वर्षाला माझ्यावर हसले, मी घासून घासून 'ऑ' शिकलो आणि मग तोच घेऊन दुसऱ्यांना हसायला मोकळा झालो. रॅगिंग असंच तर पुढे जातं.

दुसरं उदाहरण 'ळ'चं. हिंदीवाल्यांना 'ळ' येत नाही म्हणून आपण किती मिरवतो! पण खडकीत जन्मलेल्या, चार ऑलिंपिक खेळलेल्या धनराजचं आडनाव तमिळमध्ये 'पिळ्ळै' आहे. दोन-दोन 'ळ' असलेलं. आपण त्याला आयुष्यभर 'पिल्ले' म्हणत आलो. 'ळ' आपल्याकडे होता, वापरावासा वाटला नाही, एवढंच. त्यावर कुणी आपल्याला अशुद्ध म्हटलं का?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. परदेशी नावासाठी आपण जीभ वळवतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, तूच तुझी वळव. याला भाषाप्रेम म्हणू नका. कोण मोठा, कोण छोटा, हे ठरवून आपण कान उघडतो आणि बंद करतो.

याची किंमत खोलीबाहेरही मोजावी लागते. पहिल्या नोकरीच्या एका इंटरव्ह्यूत माझा कोड चालला, उत्तरं बरोबर आली, तरी फीडबॅक आला, 'कम्युनिकेशन वीक'. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तरीही दोस्ताला हसताना ती रात्र मला आठवली नाही.

दोनच दिवसांनी, 8 ऑगस्टला, आपण स्पेनला 2-1 ने हरवून ब्राँझ जिंकलं. श्रीजेशची ती शेवटची मॅच. रोहिदास परत आला होता. दोस्तही आला होता, पण पूर्ण मॅचभर एक शब्द बोलला नाही. प्रत्येक कॉर्नरला मी त्याच्याकडे बघत होतो. कोण कुठून धावतंय हे त्या खोलीत फक्त त्याला कळत होतं आणि आम्ही त्याला गप्प करून बसलो होतो.

पुढच्या मॅचला मी त्याच्या शेजारी बसणार आहे. पहिला प्रश्न मीच विचारणार, "कारनरला पयला कोन धावनार?" हसायचं असेल त्याने मला हसावं.