स्फुट विचार : निवडणारे हात

ज्याचा कोड कोणासही वाचतां व सुधारतां येतो, अशा ‘ओपन सोर्स’ प्रकल्पांना तरुणांनीं हातभार लावावा, असा उपदेश आजकाल सर्वत्र ऐकूं येतो. व तो योग्यच आहे. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेलें लिनक्स अशाच हजारों हातांनीं वाढलें. परंतु आलेली प्रत्येक दुरुस्ती कोणीतरी ओळ न् ओळ तपासावी लागते, हें बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं.

‘एक्स-झेड’ नांवाच्या, फाइलींचा आकार आटोपशीर करणाऱ्या साधनाची हकीकत या बाबतींत उद्बोधक आहे. त्याचा सांभाळ मुख्यतः एकच गृहस्थ विनावेतन करीत. त्यांना तें काम आवरेनासें झालें असतां एका अज्ञात व्यक्तीनें दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त भर घालून विश्वास संपादिला, आणि २०२४ च्या आरंभीं त्यांत चोरवाट बसविली. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकांत प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. त्यानें कारण शोधून २९ मार्च रोजीं तें जाहीर केलें. म्हणून मोठा अनर्थ टळला.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच कीं, घरच्या मुलांनीं आपली भर घालण्यापूर्वीं कांहीं काळ इतरांच्या दुरुस्त्या तपासाव्या व आढळलेले दोष नीट लिहून कळवावे. पंगतींत वाढावयास सारेच पुढें होतात. तांदूळ निवडावयास बसणारे हात मात्र थोडे असतात.