कंसातील कारण

नववीच्या वर्गात समांतर रेषांचे प्रकरण संपत येऊन त्रिकोणाला हात घालण्याची वेळ झाली, की भूमितिशिक्षकाच्या टेबलावर वह्यांची जी चळत येऊन पडते, तिच्यातील कोणतीही वही उघडली तरी सिद्धतेचा साचा बहुधा निर्दोष आढळतो : वर पक्ष, खाली साध्य, गरज असेल तेथे रचना, मग क्रमवार विधाने आणि प्रत्येक विधानापुढे कंसात त्याचे कारण. बाह्य बंदोबस्त असा चोख असताना कंसांतील मजकूर जरा सावकाशीने वाचू लागावे, तो ध्यानात येते की ‘दिलेले’, ‘सामाईक बाजू’, ‘आकृतीवरून’ आणि ‘प्रमेय’ (कोणते, याचा पत्ता नाही) अशा चार-पाच शेऱ्यांवर बहुतेक वर्गाचा निर्वाह चालला आहे. दोन रेषा समांतर आहेत हे सिद्ध करावयाचे असते, आणि कारण म्हणून व्युत्क्रम कोनांची कसोटी लिहावयाच्या ठिकाणी व्युत्क्रम कोनांचा गुणधर्म लिहिलेला असतो; म्हणजे जे साध्य तेच आधी गृहीत धरून, त्यातून निघणारी गोष्ट त्याच्या समर्थनार्थ हजर केलेली असते. घाईत असलेला तपासनीस ‘व्युत्क्रम’ हा शब्द पाहून बिनतक्रार गुण देतो.

याचा सारा दोष विद्यार्थ्याच्या पदरी घालणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. शालान्त परीक्षेतील भूमितीच्या चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिकेत ‘कृती पूर्ण करा’ या सदराखाली अर्धी सिद्धता छापून रिकाम्या चौकटी भरावयास देण्याचा जो शिरस्ता पडला आहे, त्यामागचा हेतू सद्भावाचा आहे, आणि ज्याला पहिले पाऊलही सुचत नाही अशा मुलाला तो काही काळ हात देतो, हेही मान्य. तथापि कोणते दोन त्रिकोण विचारात घ्यावयाचे, कोणती कसोटी लावावयाची, आधी काय आणि मागाहून काय, हे सर्व निर्णय छापणाऱ्याने उरकलेले असल्यामुळे, कचेरीतील कारकुनाने छापील फॉर्मातील मोकळ्या जागा भराव्यात तशी चौकट भरण्यापलीकडे विद्यार्थ्यावर कसलीच जबाबदारी उरत नाही. आणि सिद्धता शिकणे म्हणजे तर हे निर्णय स्वतः घेण्यास व त्यांबद्दल जाब देण्यास शिकणे होय.

कंसात लिहिलेले विधान स्वतः खरे असले म्हणजे ते कारण झाले, असा एक समज शिक्षकांतही आढळतो. त्या विधानाच्या अटी प्रस्तुत आकृतीत पुऱ्या होतात काय, हे पाहावे लागतेच (बाकोबा कसोटीतील कोन दोन बाजूंमधला आहे की नाही, हे न पाहता ती लावणारे हात आपण रोज पाहतो). पण याहूनही अधिक दुर्लक्षित राहणारी बाब क्रमाची आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरील कोन समान असतात, हे प्रमेय घ्यावे. आपण शिरोबिंदूतून कोनदुभाजक काढून बाकोबा कसोटीने ते सिद्ध करतो. मध्यगा काढून बाबाबा कसोटीनेही काम भागते. युक्लिडने पहिल्या खंडाच्या पाचव्या प्रमेयात यांपैकी काहीही न करता दोन्ही बाजू वाढवून बराच लांबचा वळसा घेतला. त्याच्या मांडणीत बाबाबा कसोटी आठव्या प्रमेयात येते. तिला सातव्याचा आधार आहे, आणि सातव्याला पाचव्याचा. कोनदुभाजकाची रचना तर त्याहून पुढे, नवव्यात. तेव्हा आपला सोपा मार्ग त्याच्या ग्रंथात चक्रक दोषाला पात्र ठरला असता; आपल्या पाठ्यक्रमात कसोट्या व दुभाजक आधीच स्वीकारलेले असल्यामुळे तो दोष लागत नाही. पुढे चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसने कोणतीही जादा रेषा न काढता, अबक हा त्रिकोण अकब या त्याच त्रिकोणाशी एकरूप ठरवून हे प्रमेय दोन ओळींत निकालात काढले, आणि ती युक्ती नववीच्या हुशार मुलाला दाखवली असता त्याच्या चेहऱ्यावर प्रथम फसवले गेल्याचा भाव उमटतो. त्या क्षणी त्याला हरकत घेऊ द्यावी.

‘आकृतीवरून’ या शेऱ्याविषयी आमचे मत पुष्कळांना कडक वाटेल. दोन कोन परस्परांचे विरुद्ध कोन आहेत हे आकृतीवरूनच समजते, आणि ती मुभा नाकारली तर शालेय भूमिती एक पाऊलही पुढे सरकणार नाही. पण मुभा कोठवर, याचा निवाडा शिक्षकाने वर्गात उघडपणे केला पाहिजे, आणि त्यासाठी राउझ बॉल यांच्या गणितविनोदावरील प्रख्यात पुस्तकामुळे सर्वतोमुखी झालेल्या ‘प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो’ या फसव्या सिद्धतेइतके उत्तम साधन आम्हांस ठाऊक नाही. अबक हा कोणताही त्रिकोण घ्यावा. कोन अ चा दुभाजक आणि बक या बाजूचा लंबदुभाजक म बिंदूत छेदतात असे मानून, म पासून अब वर मप व अक वर मफ हे लंब टाकावेत. कोकोबा कसोटीने अपम व अफम हे त्रिकोण एकरूप, म्हणून अप = अफ आणि मप = मफ; लंबदुभाजकाच्या प्रमेयाने मब = मक; मग कर्णभुजा कसोटीने पब = फक; आणि बेरीज करताच अब = अक. प्रत्येक कंसातील कारण बावनकशी, तरी निष्कर्ष उघड असत्य. वर्ग एकरूपतेच्या कसोट्यांवर संशय घेत राहतो, आणि त्या तर निरपराध असतात. वस्तुतः बाजू असमान असतील तर म त्रिकोणाच्या परिवर्तुळावर, म्हणजे त्रिकोणाबाहेर पडतो. प आणि फ यांपैकी एक बिंदू बाजूवर व दुसरा बाजू वाढवल्यावर मिळतो. आणि एका बाजूस बेरीज असता दुसऱ्या बाजूस वजाबाकी करावी लागते. बेरजेची ती एकच ओळ ‘आकृतीवरून’ घेतली होती. कोणता बिंदू कोणाच्या दरम्यान आहे याविषयी युक्लिडही मौन पाळतो. ते मौन मोरिट्झ पाश याने १८८२ साली आणि हिल्बर्टने १८९९ साली स्वयंसिद्धके घालून भरून काढले. इतका खोल विचार शाळेत आणण्याची आवश्यकता नाही. हातचलाखीने काढलेली ती आकृती आणि नंतर कंपासने काटेकोर काढलेली आकृती फळ्यावर शेजारी शेजारी ठेवण्याइतका एक तास मात्र अवश्य द्यावा.

विधान आणि कारण असे दोन स्तंभ पाडण्याची पद्धत परीक्षकाच्या सोयीची आहे, एवढाच तिचा अधिकार. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तीत सूत्रांच्या उपपत्ती दिल्या, त्या सलग गद्यात. शंका घेणारा वाचक समोर धरूनच असले लेखन होत असे. आमची तजवीज अशी, की नववीच्या पहिल्या सत्रात विद्यार्थ्याने सिद्धता प्रथम शेजाऱ्यास तोंडी सांगावी, शेजाऱ्याने प्रत्येक ‘म्हणून’पाशी त्यास अडवावे, आणि मग तीच सिद्धता चार-पाच पूर्ण वाक्यांत लिहावी, स्तंभ त्यानंतर. जुन्या शिक्षकांच्या जिभेवर ज्यांचे ‘रायडर’ हे नाव अजून आहे, ती न पाहिलेली उदाहरणे पाठ्यपुस्तकातील प्रमेयांपेक्षा अधिक वेळ मागतात, आणि वेळ नाही ही तक्रार खरी आहे. तो काढावयाचा तर काही प्रमेये विधानापुरती सांगून, सिद्धता न देता पुढे जावे लागेल. पाठ केलेल्या आठ सिद्धतांपेक्षा स्वतः उलगडलेल्या दोन आम्ही पत्करू, मग घटक चाचणीचे गुण काही काळ खाली आले तरी चालतील.

वह्या तपासताना आढळलेली चुकीची कारणे, विद्यार्थ्याचे व शाळेचे नाव गाळून, वाचकांनी आमच्याकडे पाठवावीत. लाल शाईने खोडण्यापूर्वी विद्यार्थ्यास काय विचारले आणि त्याने काय उत्तर दिले, हेही सोबत लिहावे. उत्तर नुसते मौन असेल, तर तसेच कळवावे.