अर्धा निरोप

आमची पुतणी यंदा संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन संगणकांनीं एकमेकांशीं बोलावें कसें, हें शिकण्यासाठीं तिनें दिवाळीच्या सुटींत घरांतलेच दोन संगणक जोडले. एक दिवाणखान्यांतला व दुसरा माडीवर आत्याबाईंच्या खोलींतला. आत्याबाई आजारी, जिना चढून चढून घरांतल्या बायकामंडळींचे पाय भरून येत. निरोप वर पाठविण्याची सोय होईल म्हणून आम्हींहि तिला उत्तेजन दिलें.

ह्या विद्येचा पाया म्हणजे सॉकेट. अमेरिकेंत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें १९८३ मध्यें आपल्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीबरोबर ही योजना प्रसृत केली, व आजहि बहुतेक सर्वत्र तीच चालते. संगणकाचा पत्ता म्हणजे वाडा आणि पोर्ट म्हणजे वाड्यांतील खोलीचा क्रमांक, असें वाचकांनीं समजावें. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. ऐकणारा प्रोग्राम प्रथम सॉकेट उघडतो, 'बाइंड' ह्या आज्ञेनें एक क्रमांक आपल्या नांवें करून घेतो, 'लिसन' म्हणून कान देऊन बसतो, आणि कोणी 'कनेक्ट' म्हणून दार ठोठावलें कीं 'ॲक्सेप्ट' करून त्यास आंत घेतो. मात्र ॲक्सेप्टनें हातीं येतो तो नवाच सॉकेट; जुना दाराशीं बसून राहतो. पुढचें सारें बोलणें नव्याशीं करावयाचें. पुतणीचे पहिले दोन दिवस ह्या एका गोष्टींत गेले.

तिसऱ्या दिवशीं आत्याबाईंचें रक्त तपासावयाचें होतें. तें घेईपर्यंत सकाळची गोळी नको, असा डॉक्टरांचा फोन आला. पुतणीनें खालून लिहिलें, "औषध देऊं नका." माडीवर पडद्यावर उमटलें, "औषध दे."

सौ. हातांत गोळी व फुलपात्र घेऊन उभ्याच होत्या. त्या थबकल्या, परंतु औषधाच्या शंकेनें नव्हे. आमच्याकडे काकूला अहोजाहो करण्याची रीत आहे. "ही पोर मला 'दे' केव्हांपासून म्हणूं लागली?" असें विचारीत त्या जिन्यापर्यंत आल्या, तेव्हां खरा निरोप कळला.

"काका, मी एकदांच वाचलें, आणि तेंहि सोळाच बाइट," पुतणी रडवेली होऊन म्हणाली.

प्रचारांतील यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, मग तें अक्षर असो, मात्रा असो कीं अनुस्वार, तीन बाइट घेतें. मोकळी जागा एक. "औषध दे" इतक्याचे बरोबर सोळा होतात, सबंध निरोपाचे बत्तीस. भांडें पंधराचें असतें तर मात्रा मध्येंच तुटून संगणकानें तक्रार तरी केली असती! येथें तुकडा नेमका अर्थपूर्ण शब्दावर पडला.

तेव्हां भांडें मोठें घेतलें कीं झालें, असें आम्हांस वाटलें. पुतणीनें तें खोडून काढलें. टीसीपी बाइट क्रमानें पोंचवितें, पण एक निरोप कोठें संपला हें सांगत नाहीं. पन्हळींत वरून दोन तांबे ओतले तर खालीं पहिला कोणता हें कसें ओळखावें? शिवाय मोठें भांडें धरलें तरी एका वेळीं थोडेंच पाणी येऊं शकतें. म्हणून निरोपाआधीं त्याची लांबी पाठवावी, तीहि अक्षरांची नव्हे, बाइटांची. आणि तेवढे भरेपर्यंत पुनःपुन्हां वाचीत राहावें. वाचतांना शून्य हातीं आलें तर पलीकडच्यानें बोलणें संपविलें असें समजावें. जमलेल्या बाइटांचीं अक्षरें करावयाचीं तीं सर्वांत शेवटीं.

त्याप्रमाणें दुरुस्ती झाली असून आतां लांबलचक निरोपहि सबंध पोंचतात. औषधाचा निरोप मात्र तूर्त जिना चढूनच जातो, सौ.चा तसा हुकूम आहे.