रक्त पडते ते मूळव्याधीचेच, असे धरून चालू नका



या पानावर आम्ही एरवी खत, बियाणे, गोठा आणि पोरांचे जुलाब यांविषयी लिहितो. आज ज्या दुखण्याविषयी लिहायचे आहे, ते चारचौघांत बोलले जात नाही. मिस्सा झाल्यावर आवारात गुडघ्याचे, दम्याचे, साखरेचे सगळे आमच्या कानावर येते. शौचाच्या वाटे रक्त पडते, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगितलेच तर ‘थोडी मूळव्याध आहे, फादर’, एवढेच.

आमच्या धर्मग्रामातल्या एका बावन्न वर्षांच्या ऊसवाल्याने आम्हांला एका दिवाळीनंतर असेच सांगितले होते. दाखवून या, असे आम्ही म्हटले. तो म्हणाला, “तोडणीची टोळी आलीय, एवढा हंगाम होऊ दे की.” आणि आम्ही ‘बरं’ म्हटले. हंगाम संपला, खोडव्याचे पाणी आले, मग मुलीचे लग्न निघाले. तोवर कोणाची तरी पूड, कोणाचा काढा, मग दुकानातल्या गोळ्या. आठ महिन्यांनी पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्याला बेळगावला नेले. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, आणि तो यकृतापर्यंत पोचलेला होता. आम्ही तैलाभ्यंग द्यायला गेलो तेव्हा त्याने हंगामाचा विषय काढला नाही. आम्हांलाही काढवला नाही. ते ‘बरं’ आम्हांला अजून टोचते, म्हणून हे लिहीत आहोत.

हा रोग किती पसरल्यावर सापडतो, यावर रोग्याचे पुढचे आयुष्य ठरते, ही गोष्ट नवी नाही. लंडनच्या सेंट मार्क्स इस्पितळातल्या डॉ. कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाच्या पायऱ्या मांडल्या: आतड्याच्या भिंतीतच असलेला, भिंत ओलांडलेला आणि जवळच्या रसग्रंथींत शिरलेला. आज पायऱ्या अधिक बारकाईने पाडतात, पण हिशेब तोच आहे. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे रोग आतड्यापुरताच असताना सापडला, तर शंभरांतले सुमारे नव्वद जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. शेजारच्या गाठींत गेला असेल तर सत्तरच्या वर. यकृत, फुप्फुस अशा दूरच्या ठिकाणी गेला असेल तर पंधराच्या आसपास. औषधे तिथे आपल्यापेक्षा सहज मिळतात, तरीही हा फरक.

आमच्याशी एका शिकलेल्या गृहस्थांनी वाद घातला. म्हणाले, “फादर, लवकर निदान होऊनही माणसे जातातच की.” त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ज्यांचे निदान अगदी थोड्या दिवसांत झाले त्यांच्यातही मृत्यू जास्त होते. काही आठवड्यांपर्यंत ते कमी होत गेले आणि त्यापुढे जसजसा उशीर वाढला तसतसे पुन्हा वाढले. कारण सरळ आहे. ज्याचे आतडे पार बंद झाले आहे त्याचे निदान त्याच रात्री होते, पण रोग तोवर फार पुढे गेलेला असतो. त्याला घाईमुळे मरण आले असे म्हणणे म्हणजे विहिरीवर बादल्या घेऊन धावणाऱ्यांमुळेच गंजी पेटली असे म्हणणे. निदान झाल्यावरचा वेळही फुकट नसतो. २०२० साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली तर मृत्यूचा धोका सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो असे निघाले. आमच्या माणसाने तर आठ महिने घालवले.

‘हा म्हातारपणाचा रोग’ हाही समज सोडा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अशा ८०० रोग्यांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय सत्तेचाळीस होते, आणि निम्म्याहून अधिकांची तक्रार रक्त पडण्याचीच होती. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा कमी, हे खरे. रक्त पडणाऱ्या बहुतेकांना मूळव्याधच असते, हेही खरे. पण ते डॉक्टरांनी बोट घालून आणि लागल्यास दुर्बिणीने पाहून सांगायचे आहे, दुकानदाराने नव्हे. मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही असेही नाही. शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, वजन उतरले, पोटात कळा येऊ लागल्या, तर थांबू नये. उजव्या बाजूच्या आतड्यातला रोग तर अनेकदा डोळ्यांना रक्त दाखवतच नाही. माणूस नुसता पांढरा पडतो, बांधावर चढताना धापा टाकतो, आणि आपण त्याला टॉनिकची बाटली देतो. पुरुषाच्या अंगात रक्त कमी झाले तर ते कुठून गेले, हे शोधलेच पाहिजे.

उसातल्या हुमणीची गोष्ट तुम्हांला आम्ही काय सांगावी! पाने पिवळी पडून बेट हाताला उपटून येते तेव्हा मुळे खाऊन झालेली असतात. शहाणा शेतकरी वळवाच्या पावसानंतर रात्री कडुलिंब आणि बाभळीवरचे भुंगेरेच गोळा करतो. आतड्याचेही तसेच आहे. कर्करोग बहुधा आधी लहानशा कोंबाच्या, म्हणजे पॉलिपच्या रूपाने असतो आणि त्याचा कर्करोग व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षे लागतात. दुर्बिणीतून तो कोंब तिथेच कापता येतो. शौचातले न दिसणारे रक्त शोधण्याची साधी तपासणीही आहे. अमेरिकेत मिनेसोटा इथे ती दरवर्षी केलेल्या लोकांत या रोगाने होणारे मृत्यू एकतृतीयांशाने कमी झाले, असे १९९३ साली जाहीर झाले. सरकारी आरोग्य केंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची पाहणी होते. आतड्याची अशी मोहीम आपल्या देशात नाही. म्हणून ज्याचे त्याने विचारायचे.

लाज वाटते म्हणता? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ जुलै १९९२ च्या रविवारी भर दुपारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांना आपण तपासणीसाठी इस्पितळात जात असल्याचे स्वतः सांगितले. तीन दिवसांनी त्यांच्या मोठ्या आतड्यातली संत्र्याएवढी गाठ काढली. ती कर्करोगाच्या वाटेला लागलेली, पण पसरलेली नव्हती. त्यानंतर ते जवळजवळ तेरा वर्षे जगले.

खर्चाचे म्हणाल, तर आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळातल्या उपचारांचा आधार आहे. कार्ड नसेल त्यांनी कागद घेऊन आमच्याकडे यावे, अर्ज आम्ही भरून देऊ.

आईबाप किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर चाळिशीतच, किंवा त्यांना ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी लागते. त्या ऊसवाल्याचा धाकटा भाऊ सेहेचाळीसचा आहे. त्याला काही त्रास नाही. तो गेल्या आठवड्यात म्हणाला, “भाताची लावणी होऊ दे की, फादर.” आदल्या दिवशी पातळ खाऊन, औषध घेऊन पोट साफ करावे लागते, आणि गुंगी देत असल्याने सोबत माणूस लागतो. येत्या सोमवारी त्याला घेऊन आम्हीच पहिल्या बसने बेळगावला जात आहोत. त्या दिवशी सकाळची मिस्सा साडेपाचला होईल.